प्लेफेअर डिस्प्ले : बारीक रेषेचा फॉन्ट आणि त्याच्या शेजारचे मराठी

प्रश्न थोडक्यात असा आहे : पैठणीच्या दुकानासाठी बोधचिन्ह, साडीला लावायचा टॅग, दारावरची पाटी आणि संकेतस्थळ करायचे आहे. इंग्रजी नाव प्लेफेअर डिस्प्ले या फॉन्टमध्ये पडद्यावर फार देखणे दिसते. पण छापलेल्या टॅगवर बारीक रेषा तुटतात, किमतीचे आकडे वर-खाली होतात आणि शेजारचे मराठी नाव परके वाटते. हा फॉन्ट सोडून द्यावा का?

सोडू नका. तुमच्या तीन तक्रारींची कारणे तीन वेगवेगळी आहेत. पहिलीचे कारण आकार आणि छपाईत आहे, दुसरी ही फॉन्टची मूळ रचनाच आहे आणि एका सेटिंगने सुटते. तिसरीचे कारण असे की या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत, त्यामुळे मराठी नावाला कोणता चेहरा मिळेल हे आजवर तुमच्या संगणकाने ठरवले आहे, तुम्ही नाही.

आधी हा फॉन्ट काय आहे ते पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरूनच निघतात. डॅनिश अक्षररचनाकार क्लाउस एग्गर्स सोरेन्सन यांनी तो केला आणि २०११ मध्ये गूगल फॉन्ट्सवर मुक्त परवान्याखाली आला. त्याची प्रेरणा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. युरोपात तेव्हा पिसाची रुंद टोकाची लेखणी मागे पडून टोकदार निब येत होती. रुंद टोकाच्या लेखणीत रेषेची जाडी लेखणीच्या कोनावर ठरते, टोकदार निबमध्ये ती हाताच्या दाबावर ठरते. दाब दिला की रेषा फुगते, दाब सोडला की केसासारखी होते. बर्मिंगहॅमचा मुद्रक जॉन बास्करव्हिल याच्या अक्षरांत हा बदल स्पष्ट दिसतो, आणि विल्यम मार्टिनने बॉयडेल यांच्या शेक्सपिअरच्या आवृत्तीसाठी कोरलेल्या अक्षरांत तो आणखी पुढे जातो. प्लेफेअर या दोघांचे ऋण मानतो. जाड-बारीक फरक कमालीचा वाढवलेल्या बोदोनी किंवा दिदो या फॉन्टइतका तो टोकाला गेलेला नाही, म्हणून त्याच्यात थोडी ऊब शिल्लक आहे.

बास्करव्हिलची एक गोष्ट इथे कामाची आहे. १७५७ मध्ये त्याने व्हर्जिलचे काव्य छापले तेव्हा फक्त अक्षरे नवी कोरून तो थांबला नाही. जाळीच्या रेघा न उमटलेला गुळगुळीत कागद घेतला, शाई स्वतः बनवली, छापलेले कागद गरम पत्र्यांमध्ये दाबून काढले. बारीक रेषा टिकवायची तर अक्षर, कागद आणि शाई तिन्ही एकत्र बदलावे लागतात हे त्याला कळले होते. तुमच्या टॅगवर तुटणारी रेषा हा तोच जुना प्रश्न आहे.

रचनेच्या बाकी खुणा : लहान अक्षरांची उंची बरीच जास्त, खाली उतरणाऱ्या शेपट्या आखूड, मोठी अक्षरे मुद्दाम बुटकी आणि लहान अक्षरांपेक्षा किंचितच जाड. त्यामुळे ओळी एकमेकींच्या अगदी जवळ बसवता येतात आणि विशेषनामांची मोठी अक्षरे ओळीत ओरडत नाहीत. 'ए', 'सी', 'एफ', 'आर' या लहान अक्षरांच्या टोकांना भरीव गोल थेंब आहेत. दागिन्यासारखे दिसणे येते ते या थेंबांमधून आणि जाड-बारीक फरकातून. तिरप्या वळणात हे सगळे जास्त खुलते, पण आख्खे वाक्य तिरपे करू नका. एखादा शब्द पुरे.

आता बारीक रेषेचा हिशेब. अंदाजावर न जाता तो एकदा मोजून घ्यावा. दुकानाचे नाव १००० पॉइंट आकारात टाइप करा, त्याचे आकारांत रूपांतर करा (सॉफ्टवेअरमधले कर्व्ह किंवा आउटलाइन) आणि सर्वांत बारीक रेषेची जाडी पॉइंटमध्ये मोजा. आलेल्या आकड्याला १० ने भागले की ती रेषा फॉन्टच्या आकाराच्या किती टक्के आहे ते कळते. समजा २० पॉइंट आले, म्हणजे २ टक्के. मग ८ पॉइंटला ती रेषा ०.१६ पॉइंट, १२ ला ०.२४, २४ ला ०.४८ आणि ३६ ला ०.७२ पॉइंट होते. एक पॉइंट म्हणजे ०.३५३ मिलीमीटर. १२ पॉइंटच्या अक्षरात ती रेषा जेमतेम ०.०८५ मिलीमीटर भरते.

ऑफसेटवर, आर्ट कार्डावर, एकाच शाईच्या भरीव रंगात ०.२५ पॉइंटची रेषा येते. त्याखाली जाऊ नका. रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे सोडायची असतील तर दोन्ही बाजूंची शाई आत पसरते, तिथे किमान ०.५ पॉइंट धरा. पैठणीच्या टॅगवर मरून किंवा जांभळ्या रंगावर नाव पांढरे सोडायचा मोह होतो आणि रेषा तुटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण तेच असते.

दुसरे कारण रंगांच्या मिश्रणात असते. मरून रंग चार शायांनी केला तर तो ठिपक्यांनी बनतो. इंचाला १५० ओळींच्या स्क्रीनमध्ये, म्हणजे ठिपक्यांच्या जाळीत, दोन ठिपक्यांतले अंतर ०.१७ मिलीमीटर असते, म्हणजे १२ पॉइंटच्या अक्षरातली बारीक रेषा त्या अंतराच्या निम्मी आहे. ती रेषा म्हणून छापलीच जाऊ शकत नाही, तुटक ठिपक्यांची माळ होते. त्यात एखादी प्लेट ०.१ मिलीमीटर सरकली की रेषेशेजारी गुलाबी किंवा निळी सावली दिसते. यावर उपाय एकच : नावासाठी स्वतंत्र स्पॉट रंग, म्हणजे आधीच मिसळून तयार केलेली एकच शाई, घ्या आणि तो शंभर टक्के भरीव छापा. स्पॉट रंगाची ६० टक्के छटा घेतली तरी पुन्हा ठिपकेच येतात. स्पॉट परवडत नसेल तर नाव शंभर टक्के काळ्यात ठेवा आणि मरून रंग टॅगच्या किनारीला द्या.

सोनेरी फॉइल हवी असणार हे गृहीत धरतो. गरम फॉइलला दाब आणि उष्णता लागते, त्यामुळे रेषा किंचित पसरते आणि थेंब व दांडा यांमधली अरुंद फट भरून जाते. किमान रेषा ०.५ पॉइंट, म्हणजे वरच्या हिशेबाने २५ पॉइंट, थोडी मोकळीक धरून अक्षर २६-२८ पॉइंटपेक्षा लहान नको. खडबडीत हँडमेड कागदावर फॉइल खाचांत उतरत नाही, रेषा मध्येच गायब होते. तिथे ४० पॉइंटलाही खात्री देता येत नाही. कापडी पिशवीवरच्या स्क्रीन प्रिंटिंगला ०.३ मिलीमीटर, म्हणजे साधारण १ पॉइंटची रेषा लागते. पदरामागे शिवायच्या विणलेल्या लेबलावर तर बारीक रेषा एक-दोन धाग्यांवर येते. तिथे हा फॉन्ट नकोच. भरतकामात साटिन टाका १ मिलीमीटरखाली नीट बसत नाही, तिथेही नको.

रेषा तुटते म्हटल्यावर बहुतेक जण बोल्ड किंवा ब्लॅक वजन, म्हणजे फॉन्टची जास्त जाड आवृत्ती, निवडतात. त्याने प्रश्न सुटत नाही. वजन वाढवले की जाड दांडे फुगतात, बारीक रेषा त्या मानाने फारच थोडी वाढते. जाड-बारीक फरक उलट वाढतो आणि आतल्या पोकळ्या लहान होऊन शाईने भरायला लागतात. छोट्या आकाराला रेग्युलर किंवा फार तर मीडियम चांगले.

खरा उपाय याच रचनाकाराने दिला आहे. २०२३ मध्ये गूगल फॉन्ट्सवर 'प्लेफेअर' नावाने, 'डिस्प्ले' हा शब्द नसलेले, नवे कुटुंब आले. त्यात वजन आणि रुंदीबरोबर ऑप्टिकल साइझची पट्टी आहे, ५ पासून १२०० पर्यंत. ५ च्या बाजूला बारीक रेषा जाड, अक्षरे मोकळी आणि अंतर सैल. १२०० च्या बाजूला रेषा जवळजवळ अदृश्य. म्हणजे पाटीवरच्या आणि टॅगवरच्या नावाला एकच चेहरा ठेवून दोन वेगळ्या जाडीच्या बारीक रेषा देता येतात. धातूच्या खिळ्यांनी छापायच्या काळात प्रत्येक आकाराचा ठसा वेगळा कोरत आणि लहान आकाराला रेषा जाड ठेवत. संगणकाने एकच रेखाटन लहान-मोठे करायला सुरुवात केल्यावर ही काळजी हरवली होती, ती इथे परत आली आहे. टॅगसाठी नव्या प्लेफेअरची पट्टी छापायच्या आकाराएवढी किंवा त्याहून थोडी खाली ठेवा. १४ पॉइंटचे नाव असेल तर १० ते १४.

सॉफ्टवेअरमध्ये ही पट्टी मिळत नसेल तर शेवटचा मार्ग म्हणजे अक्षरांच्या कडेने त्याच रंगाची ०.१ ते ०.१५ पॉइंटची आउटलाइन. कोरलड्रॉमध्ये तसे करताना आउटलाइन आकाराबरोबर बदलावी ही खूण जरूर करा, नाहीतर लोगो मोठा केल्यावर रेषा होती तेवढीच राहते. आउटलाइनमुळे टोके बोथट होतात आणि फटी आक्रसतात, म्हणून ०.२ पॉइंटच्या पुढे जाऊ नका.

पाटीचा हिशेब वेगळा आहे. तिथे छपाईऐवजी अंतर आडवे येते. या फॉन्टच्या मोठ्या अक्षराची उंची फॉन्टच्या आकाराच्या सुमारे ७१ टक्के आहे. १५० मिलीमीटर उंचीचे अक्षर कापले तर २ टक्क्यांच्या हिशेबाने बारीक रेषा सव्वाचार मिलीमीटरच्या आत येते. अॅक्रिलिकमध्ये ती कापता येते, पण सुमारे १४ मीटरपलीकडे साध्या डोळ्याला धूसर होऊ लागते. रस्त्यापलीकडून 'एच' दोन सुट्या खांबांसारखा दिसतो आणि 'ई'च्या आडव्या रेषा हरवतात. अक्षरांच्या आत एलईडी बसवायचा विचार असेल तर सव्वाचार मिलीमीटरच्या नळीत पट्टीच मावत नाही. भरीव अक्षरे कापून त्यांच्या मागे उजेडाची पेटी ठेवा. व्हिनाइल कटिंगमध्ये १ मिलीमीटरखालची रेषा सोलताना निघून येते, म्हणून काचेवरच्या वेळापत्रकाला किंवा पत्त्याला हा फॉन्ट वापरू नका.

आकड्यांची गोष्ट सोपी आहे. प्लेफेअर डिस्प्लेमध्ये मूळ आकडे जुन्या वळणाचे आहेत : शून्य, एक, दोन बुटके, तीन, चार, पाच, सात आणि नऊ ओळीखाली उतरणारे, सहा आणि आठ वर चढणारे. वाक्यात ते लहान अक्षरांसारखे मिसळून जातात आणि सुंदर दिसतात. किंमत, फोन किंवा पिनकोडात मात्र चूक झाल्यासारखे वाटतात, कारण शून्य लहान 'ओ'सारखे दिसते. समान उंचीचे आकडे याच फाइलमध्ये दडलेले आहेत. वर्डमध्ये फॉन्टच्या खिडकीत अॅडव्हान्स्ड पानावर नंबर फॉर्म्समध्ये लायनिंग निवडा. इनडिझाइनमध्ये ओपनटाइपच्या यादीत प्रपोर्शनल किंवा टॅब्युलर लायनिंग, किमतींचा रकाना असेल तर टॅब्युलर, म्हणजे सगळे आकडे सारख्या रुंदीचे. संकेतस्थळावर फॉन्ट-व्हेरियंट-न्यूमेरिक या गुणधर्माला लायनिंग-नम्स हे मूल्य द्या. काही तयार ऑनलाइन साधनांत ही सोयच नसते, तिथे आकडे सरळ दुसऱ्या फॉन्टमध्ये टाका. या फॉन्टच्या जोडीला मजकुरासाठी जॉर्जिया सुचवला जातो आणि तो खरोखर जुळतो, पण त्याचेही आकडे मुळात वर-खालीच आहेत. आकड्यांसाठी त्याच्याकडे जाऊ नका.

आता मराठी. तुमच्या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्यायला हवा.

फॉन्टमध्ये देवनागरी नसली की यंत्र स्वतःकडची अक्षरे आणते. विंडोजवर मंगल किंवा निर्मला, अॅपलवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. वर्डमध्ये तर देवनागरीसाठी कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा वेगळा रकाना असतो. वरच्या यादीतून प्लेफेअर निवडले तरी मराठी शब्द जागचा हलत नाही तो यामुळेच. डीटीपीवाल्याकडे मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर उलट घडते. त्यावर प्लेफेअर लावताच मराठीची इंग्रजी अक्षरांतली निरर्थक जुळवाजुळव दिसते. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा.

मग कोणता फॉन्ट? इथे एक समजूत दूर करायला हवी. इंग्रजी अक्षरात जाड-बारीक फरक आहे म्हणून मराठीतही तसाच काढला की जोडी जमेल असे वाटते. देवनागरीची जाडी बोरूतून आली आहे आणि देवनागरीचा बोरू रोमन लेखणीच्या उलट तिरप्याने कापतात. रोमन 'ओ'ची डावी-उजवी बाजू भरते, वर-खाली निमुळती होते. आपल्या 'व'चे पोट वरच्या डाव्या बाजूला भरते आणि खाली वळताना निमुळते होते, शिरोरेषा आणि काना दोन्ही अंगाने भरलेले राहतात. टोकदार निबचा न्याय लावून शिरोरेषा केसासारखी बारीक केली तर शब्दाला धरून ठेवणारा दोरच सुटतो. म्हणून जोडी जमवताना बारीक रेषा जुळवायला जाऊ नका. प्लेफेअरच्या 'एल'चा दांडा आणि मराठीचा काना यांची जाडी जुळवा, मग उंची, मग एकूण स्वभाव.

या कसोटीवर माझी पहिली पसंती तिरो देवनागरी मराठी. जॉन हडसन आणि फिओना रॉस यांच्या कामातून आलेला हा फॉन्ट छापील ग्रंथांच्या परंपरेतला आहे, जाड-बारीक फरक संयत आहे आणि 'ल', 'श' मूळातच मराठी वळणाचे येतात. हिंदी वळणाचा 'ल' पैठणीच्या दुकानावर खटकतो. त्याची मर्यादा अशी की वजन एकच आहे. मथळ्याला बोल्ड लावला की सॉफ्टवेअर अक्षरांभोवती खोटी जाडी चढवते आणि जोडाक्षरे गिचमिडीची होतात. वजने हवी असतील तर मार्टेल घ्या, त्यात सात आहेत, आणि दांड्याची जाडी इंग्रजीशी नेमकी जुळवता येते. सोरेन्सन यांनीच इंकनट अँटिक्वा नावाचा देवनागरीसह फॉन्ट केला आहे. एकच हात म्हणून जोडी आपोआप जमेल असे वाटते, पण तो पुस्तकी मजकुरासाठी आहे, रुंद आणि ठोकळ, प्लेफेअरच्या नाजूकपणाशेजारी तो जड पडतो. दोन्ही लिप्यांत खरोखरच टोकाचा जाड-बारीक फरक हवा असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन आहे. तो बोधचिन्हात किंवा मोठ्या फलकावर फार रुबाबदार दिसतो. मात्र मग इंग्रजी नावही रोझामध्येच घ्या आणि प्लेफेअर सोडा. दोन दिमाखदार चेहरे शेजारी बसवू नयेत.

फॉन्ट ठरवण्याआधी हे शब्द त्यात लिहून पाहा : दुसऱ्या, श्री, लक्ष्मी, कृष्ण, ज्ञानेश्वर, ॲड. 'ऱ्या'तला अर्धा र आणि 'ॲ' जिथे फसतो तो फॉन्ट मराठी कामाला घेऊ नका.

उंची जुळवताना लक्षात घ्या की प्लेफेअरची लहान अक्षरे मोठी असल्याने त्याच पॉइंट आकारात मराठी बहुधा लहान दिसते. मराठी ८ ते १५ टक्के वाढवून सुरुवात करा आणि शिरोरेषा प्लेफेअरच्या लहान व मोठ्या अक्षरांच्या उंचीच्या मध्ये कुठेतरी येईल असे पाहा. दोन्ही नावे एका ओळीत असतील तर खालची रेषा नजरेने जुळवा, मोजपट्टीने नाही, कारण उकार आणि जोडाक्षरे खाली लोंबतात. ओळींतले अंतर इंग्रजीला अक्षराच्या आकाराच्या १.१ पट चालते, मराठीला किमान १.४ पट द्या. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकला की ओळ वाचताना डोळा अडखळतो.

अक्षरांतल्या अंतराचा मुद्दा स्वतंत्र सांगायला हवा. इंग्रजी नाव सगळे मोठ्या अक्षरांत असेल तर प्लेफेअरला अक्षराच्या आकाराच्या हजारात ५० ते १०० इतके अंतर वाढवलेले शोभते. तीच शैली मराठी नावाला लागली की शिरोरेषा तुकड्यातुकड्यांची होते. मराठीचे अंतर नेहमी शून्य. इनडिझाइनमध्ये देवनागरी अक्षरांवर आपोआप वेगळी कॅरेक्टर स्टाइल लावणारी ग्रेप स्टाइल करून ठेवा, आणि परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर वेलांट्या चुकीच्या जागी बसतात.

संकेतस्थळावर हे सगळे एका ठिकाणी येते. फॉन्टच्या यादीत आधी प्लेफेअर डिस्प्ले, मग तिरो देवनागरी मराठी, शेवटी सेरिफ. पानाची भाषा मराठी असल्याची खूण द्या. मथळ्यांना ब्राउझर आपणहून बोल्ड लावतो, म्हणून वजन ४०० स्पष्ट लिहा आणि फॉन्ट-सिंथेसिस बंद करा, म्हणजे खोटे जाड आणि खोटे तिरपे मराठी दिसणार नाही. मराठीचा आकार वाढवायला फॉन्ट-फेसमध्ये साइझ-अॅडजस्ट ११० टक्के देऊन पाहा. प्लेफेअर डिस्प्ले २८ पिक्सेलच्या खाली नको, स्वस्त मोबाइलवर रेषा करड्या पडतात. नवे प्लेफेअर वापरत असाल तर गूगलच्या दुव्यात ऑप्टिकल साइझचा अक्ष मागितल्याशिवाय तो मिळत नाही.

परवान्याची काळजी करू नका. ओपन फॉन्ट लायसन्समध्ये बोधचिन्ह, छपाई, संकेतस्थळ, सगळे व्यावसायिक वापर मोकळे आहेत. फॉन्टची फाइल तेवढी सुटी विकता येत नाही.

तुमच्या दुकानासाठी मांडणी अशी करावी : पाटीवर इंग्रजी नाव प्लेफेअर डिस्प्ले रेग्युलर, मराठी नाव त्याच्या वर आणि मोठे, तिरोमध्ये. टॅगवर नवे प्लेफेअर १४ पॉइंट, ऑप्टिकल साइझ १०, एकच भरीव स्पॉट रंग, गुळगुळीत ३०० जीएसएम आर्ट कार्ड. नावावर सोनेरी फॉइल हवीच असेल तर ते २८ पॉइंटला न्या आणि टॅग त्या मानाने मोठा करा. किंमत, विणकामाचा प्रकार, धुण्याच्या सूचना आणि पत्ता मुक्ता या साध्या फॉन्टमध्ये ८ पॉइंटला, त्यात दोन्ही लिप्या आहेत आणि आकडे सरळ आहेत. प्लेट काढण्याआधी टॅगचा नमुना खऱ्या कार्डावर खऱ्या आकारात काढून घ्या. ऑफिस प्रिंटरच्या कागदावर बारीक रेषा बहुधा प्रत्यक्षापेक्षा जाड दिसते, त्यावर विसंबू नका.